रात्रीच्या गोळीवरचा चंद्र

रात्रीची गोळी महिन्यातून एकदाच घ्यायची असते, हा शोध माझ्या पत्रकामुळे लागला.

मी बोईसरला लग्नपत्रिका आणि दुकानांच्या पाट्या बनवतो. गेल्या वर्षी इथल्या एका दवाखान्याने मला मोठं काम दिलं. ज्यांना वाचता येत नाही, कमी दिसतं, अशांनाही समजतील अशी औषधांची पत्रकं आणि तशीच वेबसाइट. अट एकच, छपाईआधी एका खऱ्या पेशंटने महिनाभर पत्रक वापरून बघायचं. तेव्हापासून मी घरात असा वावरू लागलो, जणू गोळीचा शोधही मीच लावलाय.

वेबसाइटची अक्षरं मी इतकी मोठी केली की मोबाइलवर एका वेळी एक शब्दही धड मावेना. (बायको म्हणाली, "'नमस्कार' वाचायला दोनदा बोट सरकवावं लागलं." मी म्हटलं, तुझा मोबाइलच लहान आहे.) पत्रकात मात्र मी जीव ओतला. एकही शब्द नाही. पिवळ्या सूर्याखाली पांढरी गोळी म्हणजे सकाळची, चंद्राच्या कोरीखाली गुलाबी गोळी म्हणजे रात्रीची. बस्स!

खरी पेशंट शोधायला लांब जावं लागलं नाही. दातिवऱ्याला माझी जनाआत्या राहते. वय सत्तरीच्या पुढं, ब्लडप्रेशर त्याच्याही पुढं. सगळा जन्म बोंबील वाळवण्यात गेला, शाळेचा उंबरा ओलांडला तो फक्त मतदानाला.

"आत्या, चित्रात आहे तसं घ्यायचं. कुणाला काही विचारायचं नाही. अगं, शेंबडं पोरसुद्धा सांगेल."

"चित्रात हाय तशीच?"

"अगदी तशीच."

"मग नाय चुकणार," म्हणत आत्याने पत्रक कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला टांगलं. कॅलेंडरशेजारीच का, हे विचारायची अक्कल मला तेव्हा सुचली नाही.

महिन्याने मी तिला घेऊन दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंच्या केबिनमध्ये हजर झालो. आत्याने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं आणि डॉक्टरबाईंसाठी सुक्या बोंबलांची पिशवी आणली होती. (डॉक्टरबाई शाकाहारी. केबिनमधला पंखा त्यांनी लगेच पाचवर केला.) आत्याचं ब्लडप्रेशर मोजलं, तर आधीपेक्षा जास्त!

"आजी, गोळ्या पत्रकाप्रमाणेच घेतल्या ना?"

"एक दिस नाय चुकवला."

"मग आणखी एक गोळी वाढवावी लागेल."

आत्याचा चेहरा उतरला. "आनखी एक? मग मी जेवू काय, गोल्याच?"

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण तोंडातून निघालं ते असं, "म्हणजे पत्रक पास ना?"

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोंबलांच्या पिशवीमागे सरकलो. मग त्यांनी उरलेल्या गोळ्या मागितल्या. पांढऱ्या बरोबर संपल्या होत्या. गुलाबी गोळ्यांमधली फक्त एक गेली होती.

"आत्या, ही एकच घेतलीस?"

"मग? तीज एकदाच आली."

आत्याने सोबत आणलेल्या पत्रकावर बोट ठेवलं. "हा चांद तिजेचा. उजवीकडून फुगलाय, म्हंजे शुद्धातला. त्या दिवशी घेतली. सूर्य रोज तसाच उगवतो, म्हून पांढरी रोज घेतली."

जिथे चंद्र बघून भरती-ओहोटी ठरते आणि भरती बघून होडी निघते, तिथे मी शोभेचा म्हणून चंद्र काढला होता.

"अगं, चंद्र म्हणजे रात्र!"

"रात तर अवसेलापन होते. तवा चांद कुठं असतो?"

मी घाईने कागद ओढून पूर्ण चंद्र काढला. आत्या म्हणाली, "पुनव. उधान." अर्धा काढला. "अष्टमी. भरती कमी." घाबरून सगळा गोल काळा केला. "अवस." पाच मिनिटांत मी अर्धं पंचांग काढलं आणि डॉक्टरबाई हसून हसून टेबलावर आडव्या झाल्या.

"गोळी वाढवायला नको," शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या. "आधी दिलेली तरी रोज पोटात जाऊ दे."

आत्या एवढी खूश झाली की माझ्यावरही माया आली तिला. "निजताना घ्यायची ना, बाला? मग निजलेला मानूस काड."

मी काढला. पत्रक छापलं गेलं. आता दवाखान्याचा नियम आहे, माझं प्रत्येक पत्रक आधी आत्या बघणार. ती सहातली पाच परत पाठवते आणि तिथे मला सगळे 'जनाबाईंचा भाचा' म्हणतात.

या धावपळीत माझंही ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरबाईंनी गुलाबी गोळी दिली आणि अगदी गंभीरपणे माझंच पत्रक माझ्या हातात ठेवलं. ते मी पलंगासमोर लावलंय. तरी रोज रात्री निजायच्या वेळी दातिवऱ्याहून फोन येतो.

"घेतलीस काय गोली?"

"विसरलो गं."

"चित्र बघ की, बाला. शेंबडं पोरपन सांगेल."