घोड्याच्या साखळीला पिळलेली तार

मला घोड्याचा हेवा वाटला, हे आधीच लिहून टाकतो. नंतर लिहायला लाज वाटेल.

बायको गेली त्याला वर्ष होत आलं होतं. कमरेचं हाड मोडलं आणि आठ महिने ती खाटेवर होती. उठलीच नाही. परळला आमच्या चाळीजवळ जनावरांचं इस्पितळ आहे. तिथला वॉचमन आमच्याच मजल्यावरचा. तो एक दिवस म्हणाला, "मामा, घोडा टांगायचाय. चेन-कप्पी अडकलीय. तुम्ही मिलमध्ये फिटर होतात ना, या जरा."

घोडा वरातीचा, पांढरा. लालबागला खड्ड्यावर टाकलेल्या लोखंडी पत्र्यावरून घसरला होता आणि पत्र्याच्या कडेने पुढच्या डाव्या पायाची मागची शीर कापली होती. डॉक्टरीणबाईंनी ती शिवून पायाला प्लास्टर घातलं होतं. आता पोटाखालून रुंद पट्टा घालून त्याला वरून आधार द्यायचा होता. नाहीतर म्हणे तो सगळा भार चांगल्या पायावर टाकतो आणि तोही पाय जातो.

"आडवा का नाही ठेवत?" मी विचारलं.

"फार वेळ आडवा राहिला तर छाती धरते त्याची. जखमा होतात."

"माणसाचं पण तसंच होतं ना?"

"मी जनावरांची डॉक्टर आहे, काका," त्या म्हणाल्या.

मी कप्पी चालू केली आणि रोज जाऊ लागलो. घरी बसून करणार काय होतो.

घोडेवाला माझ्याच वयाचा. शीवहून यायचा, बरोबर बायको. दोघं दिवसभर भांडायची.

"तुमचे हात थरथरतात. पाणी मी पाजते."

"तुझ्या हातचं प्यायला तो काय माझ्यासारखा अडकलाय?"

घोडा प्यायचा तिच्याच हातून. मी स्टुलावर बसून बघायचो. माझ्या खाटेशेजारी अशी कोणी भांडायला उरली नव्हती. आणि घोड्याला छतापासून टांगून उभा ठेवायला पाच माणसं. आठ महिने हिला एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर करायला मी एकटा होतो.

साखळी दिवसातून पाच-सहा वेळा खालीवर करायची होती. घोडा ताजा असला की ढिली, म्हणजे तो स्वतः थोडा भार घेतो. थकून खाली बसायला लागला की पट्टा रुततो. मग माणसांनी धरून त्याला सरळ उभा करायचा, पट्टा सोडून पुन्हा नीट बसवायचा. पट्टा आणि पोट यांच्यामध्ये तळहात सरकला पाहिजे. हे डॉक्टरीणबाईंनी मला शिकवलं आणि घोडेवाल्यालाही. तो चार दिवसांत शिकला. एकदा त्याने साखळी सोडली आणि घोड्याने त्याच्या खांद्यावर तोंड ठेवलं.

त्याची बायको, तिला मी वहिनी म्हणायचो, हसून म्हणाल्या, "बघा मामा, कप्पी तुमची, पण हात ह्यांचा ओळखतो."

हसण्यावारी न्यायला पाहिजे होतं. मला ते लागलं.

हिचं वर्षश्राद्ध रविवारी आलं. मी सकाळी लवकर जाऊन साखळी ताणली आणि कडीला तार पिळली. आम्ही मिलमध्ये बीम, म्हणजे सुताचा जड रूळ, टांगला की अशी तार पिळायचो, दुसऱ्या पाळीवाल्याने आपलं काम हलवू नये म्हणून. घोडेवाल्याला म्हणालो, "आज घरी हिचं वर्षश्राद्ध आहे. ह्याला हात लावू नका. तार सुटली तर घोडा धाडकन खाली येईल."

ते खोटं होतं. घोडा म्हणजे बीम नव्हे, हे डोक्यात आलंच नाही असं लिहिता आलं असतं. पण आलं होतं, थोडंसं.

घरी त्या दिवसापुरत्या आलेल्या सुनेने वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर केली होती. मी पान वाढत होतो तेव्हा फोन वाजला. घोडेवाल्याचा. पुन्हा वाजला. तिसऱ्यांदाही. मी उचलला नाही. वर्षभरात पहिल्यांदा कोणाचं तरी माझ्यावाचून अडलं होतं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं.

चार वाजता त्यांच्यासाठी डबा घेऊन गेलो.

घोडा सगळा पट्ट्यावर लोंबकळत होता. मागचे पाय लटलटत होते. वहिनी त्याचं तोंड छातीशी धरून उभ्या होत्या. दुपारपासून बसल्या नव्हत्या. सुट्टीमुळे डॉक्टरीणबाई नव्हत्या, ड्युटीवर एकच माणूस होता, तोही म्हणे मामांनी सांगितलंय तर हात नको.

मी तार सोडली. ड्युटीवरचा माणूस, घोडेवाला आणि मी, तिघांनी मिळून घोड्याला उभा केला, पट्टा सैल केला. घोड्याच्या काखेत तळहाताएवढं कातडं गेलं होतं. लाल, ओलं, कडेने पांढरट. अशीच जखम मी आठ महिने कापसाने पुसली होती.

"तार सोडली असती तरी काही झालं नसतं," मी म्हणालो. "मी खोटं बोललो."

वहिनींनी विचारलं, "का हो, मामा?"

"तुम्ही दोघं आहात म्हणून."

वहिनींनी डब्याकडे बघितलं. "आजचं आहे?"

"हो. तिचं."

"मग आधी ती जखम धुवा. तुम्हीच धुवा. मग बसू जेवायला."

"सांबारं चांगलं असेल तर बघू," घोडेवाला म्हणाला. पण माझ्याकडे न बघता.

त्यानंतर जखम माझ्याकडे आली. साखळी त्याच्याकडे गेली, मी मागितली नाही. कोमट मिठाचं पाणी, कापूस एकाच दिशेने, मग डॉक्टरीणबाईंचं मलम. पट्ट्याखाली मी घरची मऊ चादर घडी करून घातली, हिच्या कुशीखाली घालायचो ती. पंधरा दिवसांत नवी कातडी आली. हिची कधीच आली नव्हती.

दोन महिन्यांनी पट्टा काढला. घोडा जरा उभा राहिला आणि एकदम वाळूत आडवा झाला. तो लोळला, फुरफुरला आणि चारी पायांवर उठला. आपला आपण.

मला आनंद झाला. आणि त्याच क्षणी एवढा हेवा वाटला की मी तोंड फिरवून साखळी गुंडाळत बसलो.

"उद्या याल ना, मामा?" वहिनींनी विचारलं.

"आता कप्पी नाही, जखम नाही. कशाला?"

"ह्यांच्याशी भांडताना माझ्या बाजूने कोणीतरी पाहिजे."

दुसऱ्या दिवशी गेलो. घोड्याने माझा वास घेतला आणि तोंड वहिनींकडे वळवलं. मी आपला स्टुलावर बसलो.