आमच्या नानांचा एकोणचाळीस पायऱ्यांचा कागद

दिवाळीनंतरचा रविवार, १९९७. स्थळ: जळगाव, पिंप्राळ्यातलं आमचं घर. हजर: मी, माझी मोठी नणंद आणि नणंदेचे यजमान. आमचे 'हे' दळण आणायला गेले होते, म्हणून गैरहजर.

नणंदेच्या यजमानांना सगळे नाना म्हणतात. स्वतःवाचून कुणाचं अडू नये म्हणून इतकी धडपड करणारा दुसरा माणूस साऱ्या खानदेशात सापडायचा नाही. बाकीच्यांना वाटतं, लोकांनी आपल्याला विचारावं. नानांना तो अपमान वाटतो. धुळ्याला त्यांच्या घरी पाहुणा आला की त्याला नळाची वेळ, चहाच्या डब्याची जागा आणि कडी कशी सरकवायची हे भिंतीवर लिहिलेलं सापडतं. मी स्वतः याद्या केल्याशिवाय बाजारात जात नाही, तरी नानांपुढे मी अव्यवस्थित ठरते.

तंत्रनिकेतनात शिकवता शिकवता त्यांनी संगणकासाठी एक अहिराणी शब्दकोश तयार केला. साक्री-पिंपळनेरकडच्या शाळांत बाहेरून बदलून येणाऱ्या शिक्षकांना पोरांचं बोलणं कळत नाही, याचा त्यांना फार राग. "पोऱ्या तापमा फणफणस, नि मास्तर त्याले पाढा म्हनाले लावस!" असं ते तावातावानं सांगतात. पण तयार प्रोग्रॅम ते कुणाला देत नाहीत. त्यांच्या कॉलेजात युनिक्स, आमच्याकडे डॉस, आता लिनक्स म्हणून नवीनच निघालंय. एकावरचा तयार प्रोग्रॅम दुसऱ्यावर चालत नाही. म्हणून ते प्रोग्रॅमचा मूळ मजकूर देतात आणि ज्यानं त्यानं आपल्या यंत्रावर तो बांधून घ्यायचा. "दादर ज्वारी पाठवायची, वहिनी. भाकरी ज्याची त्यानं थापावी. धुळ्याहून पाठवली तर वातडच पोचणार."

त्यासाठी एक कागद होता. पायऱ्या एकोणचाळीस, रकाने तीन: डॉस, युनिक्स, लिनक्स. पहिली पायरी 'हात कोरडे करा'. तो कागद तपासायला त्यांनी मला निवडलं, कारण मला संगणकातलं काही कळत नाही आणि लिहिलंय तेवढंच मी करते. प्रोग्रॅमच्या फ्लॉप्या स्टीलच्या डब्यात, कापसात गुंडाळून आल्या. दुसरा संच नणंदेकडे, आणि ती मागच्या एस.टी.नं. दोन्ही संच एका गाडीत ठेवायचे नाहीत, असा नियम. "लग्नानंतर तीस वर्षांत पहिल्यांदा एकटीनं प्रवास केला," नणंद म्हणाली, "खिडकी मिळाली. फार बरं वाटलं."

मी लेकीच्या संगणकापुढे बसले. नाना भिंतीकडे तोंड करून खुर्चीत. बोलायचं नाही, वळायचं नाही, हा त्यांचाच नियम. बाराव्या पायरीला पडद्यावर आलं की एक फाईल सापडत नाही.

"काय व्हयनं?" भिंतीकडून आवाज.

"तुम्ही बोलायचं नाही ना?" नणंद म्हणाली.

"बोलत नाही. विचारतोय."

मी फाईलचं नाव वाचलं. नाना हळूच म्हणाले, "ती मना घर शे." इतकी वर्षं ती फाईल धुळ्याच्या त्यांच्या यंत्रात एका कोपऱ्यात होती. त्यांचं काम कधी अडलं नाही, म्हणून ती फ्लॉपीत घालायची असते हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. "कोश तुमच्याशिवाय चालेल म्हणता," नणंद म्हणाली, "आणि अर्धा तुमच्याच खिशात!" मी हसले. नाना हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि मला जे सांगितलं, ते नणंदेलाही तोवर सांगितलं नव्हतं. काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा, उजवा डॉक्टर म्हणतील तितके दिवस. "मला पडदा दिसेनासा झाला, की हा कागदच बोलला पाहिजे, वहिनी."

नणंद उठून आत गेली. बऱ्याच वेळानं चहा घेऊन आली. कप तिनं नानांच्या हातात नीट धरवून दिला.

मग आम्ही झपाट्यानं कामाला लागलो. राहिलेली फाईल आली, नानांनी कागद सहा वेळा नवा लिहिला, प्रत्येक वेळी अक्षर आधीपेक्षा मोठं. डॉसचा रकाना संक्रांतीपर्यंत बरोबरच्या खुणांनी भरला. युनिक्सचा त्यांच्या कॉलेजातल्या एका नव्या बाईंनी नानांना एक शब्द न विचारता पुरा केला, तेव्हा नानांनी आम्हाला पेढे पाठवले. पिंपळनेरला आज डॉसवर कोश चालतो. एका शिक्षिकेचं पत्र आलं होतं; ते नणंदेनं त्यांना वाचून दाखवलं, कारण तोवर उजवा डोळाही गेला होता.

लिनक्सचा रकाना राहिला. लेकीनं तेही आमच्या संगणकावर चढवून घेतलं. त्यासाठी गेलं वर्षभर नाना दर महिन्याला जळगावला येतात. आता दोघं एकाच एस.टी.नं. मी कागद वाचते, पायऱ्या करते, पडद्यावरचं मोठ्यानं सांगते, ते मान हलवतात. अठरा पायऱ्या झाल्या. एकोणिसाव्या पायरीपुढे, लिनक्सच्या रकान्यात, त्यांच्याच वाकड्या, ठळक अक्षरात लिहिलंय: 'इथे अडेल. मला विचारा.' ते त्यांच्या हातून कसं लिहिलं गेलं, कोण जाणे. पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा ते ओशाळले. "खोडा ते, वहिनी. मी सांगतो ते लिहून घ्या." सांगितलंही त्यांनी, तीन ओळी, अगदी स्पष्ट.

माझं कुठलंही काम आठवड्याच्या यादीतून पुढच्या यादीत जात नाही. हे एकच जातं. "लिहिलं का?" ते प्रत्येक खेपेला विचारतात. "पुढच्या महिन्यात याल तेव्हा लिहिते," मी म्हणते, आणि चहा टाकायला उठते.