इंदूअक्काचं गॅसचं गाणं

इंदूअक्का कुठलंही काम बोलून सांगत नसे, गाऊन सांगे. दात घासायचं गाणं, उजव्या पायात उजवी चप्पल घालायचं गाणं, रस्ता ओलांडायचं गाणं. चाली मात्र सगळ्या हळदीतल्या. आमच्याकडे हळदीला बायका विहिणीची यथेच्छ टिंगल करतात ना, त्या चाली. गळा असा की कोपऱ्यावरचा केळीवाला गिऱ्हाईक सोडून वळून बघे.

अमळनेरला बौद्धिक दिव्यांग मोठ्या माणसांसाठी एक दिवसभराचं केंद्र आहे. तिथे आम्ही दोघी शिकवायचो. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली मी पहिली. बी.ए. झाले, वर विशेष शिक्षणाची पदविका घेतली, आणि हे मी कुणी विचारलं नाही तरी सांगते. पहिल्याच दिवशी मी भिंतीवर चित्रं लावली: भांडं ठेवा, गॅस पेटवा, गॅस बंद करा. अक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"चित्रं झकास शेतस, बी.ए., पन ह्या आवाज नही करतस. तू चित्रं काढ, मी बोंबलस."

तेव्हापासून मी बी.ए. आणि ती अक्का. भिंत माझी, आवाज तिचा.

प्रवीण आमचा लाडका, अक्काच्या शेजारच्याच घरातला. चाळिशीकडे झुकलेला, गल्लीत प्रत्येकाला हात करणारा. चहा उत्तम करायचा, पण कप हातात आला की गॅस विसरायचा. त्याच्या मायच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, म्हणजे काही दुपारी तो घरात एकटा राहणार होता. थोरला भाऊ विलास सुरतला कापडाच्या धंद्यात. तो येऊन आम्हाला म्हणाला, "गॅसचं जमलं तर ठीक. नाहीतर तिकडच्या एका संस्थेत ठेवतो. गेटला कुलूप असतं, काळजी नाही."

प्रवीणने सगळं ऐकलं. म्हणाला, "मी आठेच राहसू. मनं घर शे."

अक्काने त्याच दिवशी गाणं रचलं:

"इहीनबाईना चहा व्हयना, बटन करा बंद,
खालना कॉक फिरावा, व्हयना का बंद?"

यावर प्रवीणने वाकून बघायचं आणि "व्हयना!", म्हणजे "झाला!", असं ओरडायचं. महिन्याभरात त्याला ते असं पक्कं झालं की चाल कानावर पडली तरी हात बटणाकडे जायचा. आम्ही दोघी एकमेकींवर खूश. इथेच आमचा घोळ झाला.

प्रवीणच्याच गल्लीत लग्न निघालं. विलासही आला होता. मांडवामागे मोठ्या शेगड्यांवर पुऱ्या तळणं चाललेलं, आणि मांडवात बायकांनी विहिणीला चिडवायला तीच चाल लावली. प्रवीण पंगतीतून ताडकन उठला. मागे गेला, एकेक शेगडी बंद केली, सिलिंडरचे कॉक फिरवले, वाकून बघितलं आणि साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडला, "व्हयना!"

"कोन बंद करी ऱ्हायना रे?" आचारी झारा घेऊन धावला. कढईत पुऱ्या तेल पीत बसलेल्या. पंगतीत वरपक्ष श्रीखंडाची वाटी चाटून पुरीची वाट बघतोय. मी तोंडात पदर कोंबला होता. हसू आवरेना आणि रडूही येत होतं, कारण विलास लालबुंद होऊन अक्कासमोर उभा होता.

"हेच शिकवलं का, अक्का? सोमवारी नेतो त्याला."

दुसऱ्या दिवशी अक्का माझ्या दारात. गाणं नाही, काही नाही. "मनं गानं चुकनं का व, बी.ए.?"

"गाणं बरोबर आहे," मी म्हटलं. "ते कुठे म्हणायचं नाही, हे आपण शिकवलंच नाही."

मग मी नवं चित्र काढलं: हातात लायटर, आणि त्याच माणसाचं तोंड उघडं. ज्याने पेटवला त्यानेच गायचं, त्यानेच बंद करायचा. दुसऱ्याच्या शेगडीला हात नाही. फार तर त्याला आठवण करून द्यायची. रविवारभर अक्का प्रवीणच्या स्वयंपाकघरात गॅस पेटवून गात होती आणि तो हात मागे बांधून उभा. मग तो पेटवायचा, तो गायचा. दोघांनी इतका चहा प्यायला की संध्याकाळी अक्का म्हणाली, "आते मना पोटमा डबकं व्हयनं."

सोमवारी विलास बॅग घेऊन हजर. आम्ही दोघी त्यांच्या दारातल्या ओट्यावर बसलेल्या, तोंडं उतरलेली. त्याने आत जाऊन स्वतःच चहा टाकला. चहा झाला, फोन आला. मालाचं काहीतरी बोलत बोलत कप घेऊन तो बाहेर निघाला. मागे गॅस भडभड पेटलेला.

दारात प्रवीण आडवा. "कोठे जाई ऱ्हायना? गॅस."

विलासने जीभ चावली. मागे वळून बटण बंद केलं.

"गानं," प्रवीण म्हणाला.

"अरे, केला ना बंद!"

"लायटर तुना हातमा व्हतं. गानं म्हन."

प्रवीण दारातून हलेना. शेवटी सुरतच्या त्या व्यापाऱ्याने घसा खाकरला आणि म्हैस रेकावी तसं सुरू केलं, "इहीनबाईना चहा व्हयना..." कॉकची ओळ आली तेव्हा त्याला खाली वाकावंच लागलं, कारण कॉक तर तसाच चालू होता. पलंगावर माय हसून हसून गुडघा धरून कण्हत होती.

अक्काने पदराने डोळे पुसले. "विलास, आते तुले कोणती संस्थामा टाकानं, सांग?"

बॅग घेऊन तो एकटाच सुरतला गेला.

यंदाच्या थंडीत अक्का गेली. झोपेतच गेली, कुणाला काही सांगितलं नाही, गायलीही नाही. ज्या घरात मयत होते तिथे चूल पेटत नाही, आलेल्यांचा चहा शेजारून येतो. तो प्रवीणने आपल्या घरी केला, भलंमोठं पातेलं भरून. आम्ही सगळ्या बायका अक्काच्या ओट्यावर खाली मान घालून बसलेल्या, आणि पलीकडून खणखणीत आवाजात विहिणीचं गाणं आलं.

एक म्हातारी दचकली. "अगं माय, मयतीमा लगनना गाना? चूप करा त्याले!"

दुसरीला हसू फुटलं, मग तिसरीला. मी उठायला लागले, तर प्रवीणच्या मायने माझा हात धरून खाली बसवलं.

"म्हनू दे त्याले," ती म्हणाली. "गॅस बंद कराना शे."