गुंडूमिस्त्रींची चाळीस मिनिटं

गुंडूमिस्त्रींचं काम सुरू व्हायचं ते स्वस्थ बसण्यापासून. नवं ड्रॉइंग हातात आलं की ते भिंतीला टाचायचे, समोर स्टूल ओढायचे आणि चांगली चाळीस मिनिटं नुसते बघत राहायचे. हत्याराला हात नाही, तोंडात शब्द नाही. कुणी हटकलंच तर म्हणायचे, "लाकूड एकदा कापलं की कापलं. बघाय काय पैसं पडत्यात व्हय?"

उद्यमनगरातल्या आमच्या फौंड्रीत ते पॅटर्न करायचे. म्हणजे लोखंडाचा जो भाग ओतायचा, त्याचा लाकडी नमुना. तो वाळूत दाबून साचा पाडतात, त्यामुळे नमुना चुकला की पुढचं सगळंच चुकतं. सव्वीस वर्षांत त्यांचा एकही चुकला नव्हता. हे ते स्वतः कधी सांगत नसत, मालक सांगायचे.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा मी तिथे लागलो. हातात डिप्लोमा, गळ्यात टाय, आणि पाच वर्षांत मॅनेजर व्हायचंच असा पण. खोलीवर एकटा राहायचो, डबा नसायचा. मिस्त्री आपली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवायचे. "खा लेका. टाय खाऊन प्वाट भरत न्हाय."

मालकांनी मला पुण्याला दोन दिवसांच्या शिबिराला धाडलं, कामाचा वेळ कसा मोजायचा ते शिकायला. तिथून स्टॉपवॉच घेऊन आलो आणि उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग अशी माझी गत झाली. आठवडाभर एकेकाच्या मागे उभा राहून नोंदी केल्या. मिस्त्रींच्या नावापुढे लिहिलं, 'दर ड्रॉइंगमागे चाळीस मिनिटे वाया.' मालकांना अहवाल पसंत पडला. ड्रॉइंग मिळताच करवत चालली पाहिजे, असा हुकूम निघाला आणि मला बढती मिळाली. मिस्त्रींनी स्टूल तेवढं उचलून कोपऱ्यात ठेवलं.

तीन महिन्यांनी पंपाच्या एका भागाचा पॅटर्न त्यांच्या हातून उलटा झाला. उजवीकडचं तोंड डावीकडे. माल गिऱ्हाइकाकडे पोचला तेव्हा ते कळलं, सगळा भंगारात गेला. मालक रागावले नाहीत, चूक माणसाकडूनच होते म्हणाले. मिस्त्रींनी तो नमुना हातात घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला, हत्यारं पिशवीत भरली आणि गेले. मालकांनी दोनदा निरोप धाडला, पण ते परत आले नाहीत.

राधानगरीजवळच्या त्यांच्या गावी जायला मला दोन वर्षं लागली. धीरच होत नव्हता. गेलो तेव्हा त्यांनी अंथरूण धरलं होतं. तो अहवाल माझा होता, एवढं कसंबसं सांगितलं.

"ठावं हाय. मालकानं दावला हुता, खाली तुझी सही हुती."

चाळीस मिनिटं कशाला लागतात ते तुम्ही सांगितलं असतं तर मालकांनी ऐकलं असतं, मी म्हणालो.

"ऐकलं असतं की. मग तुला ठेवला असता व्हय? नवी नोकरी हुती तुझी."

माफी मागायला गेलो होतो, ती न मागताच उठलो.

महिन्याभरात ते गेले. मातीला गेलो, तर त्यांचा मुलगा माझा हात धरून भावकीला म्हणाला, "ह्यो आबांचा फौंड्रीतला पोरगा." ते ऐकून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं काय ते सांगायला तोंड उघडलं नाही. आणि तिरडीला खांदा द्यायला लोकांनी मला जागा करून दिली.