भट्टीचं भोक

लाखनीत घरामागच्या खोलीत मी मातीचे कप भाजायला विजेची भट्टी आणली, तेव्हा तिच्या झाकणातलं बोटभर भोक सासूबाईंच्या डोळ्यांत खुपलं. धान साठवायच्या ढोलीचं तोंड शेणामातीने लिंपण्यात त्यांचा जन्म गेलेला. पहिले कप भाजायला लावून माझी पाठ वळताच त्यांनी हेही लिंपलं.

"धग वाया जाऊन रायली होती," मागाहून म्हणाल्या.

खोलीत डोळे चुरचुरायला लागले. कप वरून बरे दिसत होते, पण एक फोडला तर आत कोळशासारखा काळा पट्टा. मी भडकले, आणि तरी तो पट्टाच बघत बसले. मातीतलं जे जळून जायचं, ते हवा न मिळाल्याने आतच कोंडलं होतं.

मग भोक मोकळं केलं. भट्टीच्या तळाला नळी आणि पंखा जोडून नळीचं तोंड खिडकीबाहेर काढलं. पंखा चालू करून भोकाजवळ उदबत्ती धरली, तर धूर वर जायचं सोडून सरळ भोकात शिरला!

सासूबाईंनी उदबत्ती माझ्या हातून घेतली, पुन्हा पुन्हा धरून पाहिली.

"इतकी वर्सं मी चुलीपाशी खोकलून रायली," त्या म्हणाल्या, "माया चुलीले हे काहून नाही लावलं कोणी?"