दगडबाईंचा पहिला तास

कॉलेजात सगळे त्यांना दगडबाई म्हणत आणि हे त्यांना ठाऊक होतं. भूशास्त्र शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? त्यांच्या पर्समध्ये किल्ल्यांपेक्षा खडे जास्त. एखादा खडा ओळखू आला नाही की त्या तो सरळ जिभेला लावून बघत. ओल्या दगडाचे कण स्पष्ट दिसतात, हे त्यामागचं शास्त्र. स्टाफरूममध्ये समोर बसलेल्याला मात्र चहा नकोसा व्हायचा.

कॉलेज लहान, विषय भरपूर आणि मुलं मोजकी. त्यामुळे तिथे एक जुनी रीत होती. वर्षाच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या वर्गांची दारं उघडी. कोणीही कुठेही बसावं, कंटाळा आला तर मधूनच उठून जावं, शिक्षकांनी राग धरू नये. शनिवारी सकाळी घंटा झाली की ज्या वर्गात तुम्ही बसलेले असाल, तो विषय वर्षभर तुमचा. बारापेक्षा कमी डोकी भरली तर विषय बंद.

मागच्या वर्षी भूशास्त्राला मोजून बारा होते. त्यातला एक झोपायला आला होता, कारण ती खोली थंड असते.

"बाई, यंदा झोपलेले धरणार नाही," प्राचार्यांनी आठवडा सुरू होण्याआधीच सांगून टाकलं. माणूस वाईट नव्हता, पण आडपडदा ठेवायची सवय नव्हती. "संभाषणकौशल्याचा नवा विषय सुरू करायचाय. त्याला खोली लागेल."

"आणि माझी कपाटं?"

"तळघरात जागा आहे. तुम्ही पहिल्या वर्षाला सामान्य विज्ञान घ्या. निवृत्तीपर्यंत निवांत."

निवांत हा शब्द बाईंना झोंबला. ती कपाटं त्यांनी उभ्या नोकरीत एकेक दगड वेचून भरली होती.

सोमवारी त्यांनी ठेवणीतलं अस्त्र बाहेर काढलं. त्यांचं पहिलं व्याख्यान कॉलेजात प्रसिद्ध होतं. पृथ्वी तापलेल्या गोळ्यापासून आजच्या डोंगरांपर्यंत कशी आली, ते एका तासात. समुद्र येत, आटत, खंड एकमेकांवर आदळत, आणि घंटा वाजायच्या बेताला शेवटचं वाक्य संपे. वर्षानुवर्षं घासूनपुसून त्यांनी ते लख्ख केलं होतं. सोमवारीही वर्ग भरला. टाळ्या पडल्या. एक मुलगी तर दारापर्यंत येऊन म्हणाली, "मॅडम, फार सुंदर. सगळं समजलं."

आणि ती मानसशास्त्राच्या वर्गाकडे चालू लागली. तिच्यामागून बाकीचेही.

मानसशास्त्राचे सर दारात उभे राहून पाहुण्यांचं स्वागत केल्यासारखे सगळ्यांना आत घेत होते. "बाई, तुमचे फार उपकार," ते हसून म्हणाले. "तुमच्याकडून पोरं कशी ताजीतवानी होऊन येतात."

संध्याकाळी बाईंनी हे सगळं नवऱ्याच्या कानावर घातलं. नवरा दातांचा डॉक्टर. घराच्या पुढच्या खोलीतच त्याचा दवाखाना. शेवटचा पेशंट गेला होता आणि तो अवजारं उकळायला ठेवत होता.

"टाळ्या पडतात, मग चुकतंय कुठे?" बाईंनी विचारलं.

"टाळ्या पडतात तेच चुकतंय," तो म्हणाला. "अगं, नाटक संपलं की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. तू पहिल्याच दिवशी पडदा पाडतेस."

"म्हणजे वाईट शिकवू?"

"अर्धवट शिकव. माझ्याकडे बघ. पहिल्या भेटीत मी दात काढतो का? आरसा हातात देतो, कुठे किडलाय ते दाखवतो, आणि सांगतो, परवा या. रात्रभर त्याची जीभ त्याच दातावर. परवा तो येणार म्हणजे येणारच."

"विद्यार्थी आणि किडका दात. छान."

"उपमा माझी आहे, चालवून घे. तू तर दगड चाटतेस."

बाई हसल्या नाहीत. ते व्याख्यान म्हणजे त्यांच्या आयुष्यातली एकमेव गोष्ट, जिच्यावर कोणी कधी बोट ठेवलं नव्हतं. तेच आपला विषय बुडवतंय, हे पचायला जड होतं. भांडी आवरून झाल्यावर त्या म्हणाल्या, "उद्या व्याख्यान नाही."

मंगळवारी वर्गात पंधरा-वीस मुलं आली. बाई खुर्चीवर बसल्याच नाहीत. बाटलीत पाणी, खिशात व्हिनेगरची कुपी आणि दोन-चार भिंगं घेऊन त्या सगळ्यांना मुख्य जिन्यावर घेऊन गेल्या.

त्या जिन्यावर खालून चौथी पायरी बदनाम होती. जो तो तिथेच घसरे. जिना पुसणाऱ्या मावशी बोलणी खात, चपला बदलल्या जात, भिंतीवर 'जपून चाला' अशी पाटी लागली होती. तरी मागच्या वर्षी प्राचार्य पाहुण्यांसमोर तिथेच बसते झाले होते.

"सगळे याच पायरीवर का घसरतात?" बाईंनी विचारलं. "पाणी आहे, भिंगं आहेत, ही कुपी आहे. उत्तर मी सांगणार नाही. उद्याही नाही."

आणि त्या निघून गेल्या. त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात छोटा तास. खोलीत येऊन त्यांनी कपाटातले दगड उगाच पुसायला काढले, कारण उत्तर न सांगता राहायची सवयच नव्हती.

बुधवारी जिन्यावर मुलं ओणवी पडलेली दिसली. गुरुवारी मानसशास्त्राच्या वर्गाला जाणाऱ्यांना त्यांच्यावरून ढांगा टाकाव्या लागल्या, आणि ढांग टाकणारे थोडे वाकून बघू लागले. काहीजण तिथेच राहिले. कोणी म्हणे उतार चुकलाय, कोणी म्हणे पायरी जास्त झिजलीये. एकाने कुठूनशी पातळी मोजायची काचनळी आणून उताराचा दावा मोडीत काढला. मग सोमवारच्या त्या 'सगळं समजलं' म्हणणाऱ्या मुलीने प्रत्येक पायरीवर व्हिनेगरचा थेंब टाकला. बाकी पायऱ्यांवर थेंब नुसता पसरला. चौथीवर फसफसला.

ती धावत बाईंकडे आली. "मॅडम, ती पायरी वेगळ्याच दगडाची आहे. बाकीच्या वाळूच्या दगडाच्या आहेत, खरखरीत. ही चुनखडीची. कोणीतरी दुरुस्तीत बसवलेली. पायांनी घासून ती काचेसारखी गुळगुळीत होते, बाकीच्यांची खरखर जातच नाही."

"मग झालं की," बाई म्हणाल्या.

"नाही झालं. ओली केली की तिच्यात बारीक शिंपले दिसतात. ते जिन्यात कुठून आले?"

सांगून टाकायचं वाक्य बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"शनिवारी या," त्या म्हणाल्या.

शनिवारी घंटा झाली तेव्हा बाई मुद्दामच पोहोचायला उशीर करत होत्या. रिकामी खोली बघायची हिंमत नव्हती. जिन्यावर कोणी नव्हतं. पायरी ओली होती. खोलीच्या दाराशी प्राचार्य उभे होते, आणि त्यांना आत जाता येत नव्हतं. बाकं भरली होती, खिडक्यांच्या कट्ट्यांवर मुलं होती, आणि मागच्या वर्षीचा झोपाळू पहिल्या बाकावर टक्क जागा होता.

"डोकी मोजायला आलो होतो," प्राचार्य म्हणाले. "बाराच्या पुढे मोजणं सोडून दिलं. ती पायरी मात्र बदलून घेऊ या."

"वर्ष संपेपर्यंत हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या. "ते माझं पाठ्यपुस्तक आहे. पाहुण्यांना मागच्या दाराने आणा."

मानसशास्त्राचे सर व्हरांड्यातून जाता जाता थांबले. "बाई, आमची पोरं परत करा."

"ताजीतवानी करून पाठवते. वर्षानंतर."

बाई आत गेल्या. मागून कोणीतरी म्हणालं, "मॅडम, ते पृथ्वीचं व्याख्यान द्या ना. आमचं सोमवारी हुकलं."

बाईंनी फळ्याजवळचा खडू उचलला, आणि सवयीने तोही जिभेला लावून पाहिला. वर्ग हसला.

"ते शेवटच्या दिवशी," त्या म्हणाल्या. "तोवर तुम्हाला त्यातल्या चुका काढता यायला हव्यात. आता सांगा, जिन्यात समुद्र कसा आला?"