आप्पांची पाठ

समस्त ट्रकवाले, टँकरवाले, क्लीनर आणि नाव न सांगणारी गिऱ्हाइकं यांस जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, मुदखेड-भोकर रस्त्यावरचे किराणा दुकानदार गुरुलिंगआप्पा यांनी जगाकडे कायमची पाठ फिरवली आहे...

आप्पा असते तर म्हणाले असते, "लई नाटकी हायेस तू." पण गेल्या महिन्यात त्यांच्या घरून फोन आला तेव्हा या नाटक्याच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही.

आमची ओळख दुष्काळातली. शेजारी नवा जिल्हा झाला होता. रस्त्यावर पाण्याचे टँकर आणि नव्या कचेऱ्यांसाठी सिमेंट वाहणारे ट्रक. घर सोडून महिनोन्‌महिने राहणारी ही माणसं, म्हणून मी आरोग्य खात्यासाठी त्यांच्यासमोर एड्सवर पथनाट्यं करायचो. लाल झगा घालून मी विषाणू व्हायचो. टाळ्या कडाडून पडायच्या, पण फुकटच्या निरोधाच्या पाकिटांकडे कुणी फिरकायचं नाही. एका खेळानंतर कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेल्या आप्पांनी मला दुकानात बोलावलं, पाकिटं पेपरमिंटच्या रिकाम्या बरणीत ओतली आणि बरणी माठाशेजारी ठेवली. "पाण्याला तर येतीलच की."

पाण्याला सगळे आले, बरणीला कुणी शिवलं नाही. मग एका दुपारी आप्पा गूळ फोडायला वळले आणि परत बघतात तर बरणी अर्धी! "चोर! चोर!" करत ते रस्त्यापर्यंत धावले. मी पोट धरून हसत होतो. "आप्पा, फुकटचा माल कोण चोरतंय? त्यांना तुमची नजर नको होती." त्यानंतर माठाशी कुणी रेंगाळलं की आप्पा वळायचे आणि महादेवाची तसबीर पुसत राहायचे. इतका लख्ख महादेव मराठवाड्यात दुसरा नसेल.

"देव झिजवता की काय?" मी एकदा चेष्टेनं विचारलं. ते वळलेच नाहीत. "माझा धाकटा भाऊ टँकरवर होता. ह्याच आजारानं गेला. मला ठाऊक होतं, चार शब्द सांगायचे होते त्याला... लाज वाटली रे. मातीला बी घरचेच आले तेवढे."

परवा दुकानात गेलो. गल्ल्यावर आता आप्पांची बायको, आमच्या काकू. महादेवाशेजारी आप्पांचा हार घातलेला फोटो, तोंड नेमकं बरणीकडे. काकूंचा भाऊ समजावत होता, "आक्का, आता तरी ती बरणी काढ. बाईमाणसाच्या दुकानात बरं दिसत न्हाई." काकू गल्ल्यातली चिल्लर मोजत राहिल्या.

तेवढ्यात एक ट्रक थांबला. ड्रायव्हर पाणी प्याला, पुन्हा प्याला, माठाशीच घुटमळला. काकू उठल्या, वळल्या आणि पदरानं महादेव पुसू लागल्या. भावाकडे अशी नजर टाकली की तोही मुकाट्यानं वळला. मीही वळलो. झाकणाचा आवाज काही येईना. शेवटी मी हळूच तिरकं पाहिलं. त्याचा हात बरणीवर होता आणि डोळे फोटोवर. आणि तो एकदम बोलून गेला,

"आप्पा, तुमी बी तिकडं बघा की!"